अंबर वाइनचे आस्वादन

जॉर्जिया देशाच्या पूर्वेकडील काखेती प्रदेशात हिरव्या द्राक्षांची, सालींसकट आंबवलेली अंबर, म्हणजे तांबूस-मधाळ रंगाची, वाइन होते. तिची रंग, वास आणि मुख्यतः तुरटपणा यांवरून केलेली पारख म्हणजे हे आस्वादन. वाइनला 'पांढरी' म्हणतात ते द्राक्षावरून. पेल्यात ती मधासारखी, कधी कोऱ्या चहासारखी तांबूस दिसते.

रंगाचे कारण भांड्यात साली राहण्यात आहे. क्वेव्री हा अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. त्याला आतून मधमाश्यांचे मेण लावतात आणि तोंडापर्यंत जमिनीत पुरतात. एरवी पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साली बाजूला करतात. काखेतीत मात्र साली, बिया आणि पिकलेले देठही रसासोबत पाच-सहा महिने रांजणातच राहतात. त्यांतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, वाइनमध्ये उतरतात. रकाट्सितेली ही तिथली प्रमुख द्राक्षजात. या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. जॉर्जियातल्या खापरांवर द्राक्षवाइनचे सुमारे 8000 वर्षांपूर्वीचे अंश सापडले आहेत.

पारखताना पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहतात, मग हलवून वास घेतात. वाळलेले जर्दाळू, अक्रोड, चहापत्ती, मध असे वास येतात. ताज्या फळाचा वास शोधू नये. घोट तोंडात फिरवला की गाल आत ओढले जातात. जळगावच्या केळीपट्ट्यातल्या रावेर-यावलच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कच्चे केळ चावले की जीभ अशीच आकसते. केळाचा तुरटपणा मात्र तिथेच चिकटून राहतो. चांगल्या अंबर वाइनचा हळूहळू विरतो आणि मागे अक्रोड उरतो. तो विरतो का, हाच खरा निकष.

वाइन 12 ते 14 अंशांवर प्यावी. फ्रीजमधून थेट काढली तर वास दबतो आणि तुरटपणा अंगावर येतो. पुस्तकांतले 'खोलीचे तापमान' जळगावच्या मे महिन्यात निरर्थक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र ओट्यावर ठेवलेली बाटली आपोआप योग्य तापमानाला येते.

तोच भरिताचा हंगाम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्यांत मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी. भाजल्याचा धुरकट वास आणि शेंगदाण्याचे तेल या वाइनचा तुरटपणा पेलतात. जॉर्जियातही तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचे वाटण गुंडाळून वाइनसोबत खातात. त्यामुळे ही जोडी वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. मिरची मात्र हात आखडून घालावी. शेवभाजीच्या तिखट रश्श्यापुढे टॅनिन कडू लागते, मद्यार्क घशाला झोंबतो आणि बाटली फुकट जाते.