विंटेज बीएमएक्स पार्ट : खोलणं आणि रिफिनिशिंग

साधारण १९७० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या २० इंची रेसिंग आणि फ्रीस्टाइल सायकलींना विंटेज बीएमएक्स (बायसिकल मोटोक्रॉस) म्हणतात. त्यांचे पार्ट खोलून, गंज काढून, पॉलिश किंवा प्लेटिंग करून परत बसवायचं काम म्हणजे रिफिनिशिंग. नवा रंग मारणं हा त्यातला एक भाग, आणि बरेचदा तो न केलेलाच बरा, कारण मूळ फिनिश एकदा गेलं की परत येत नाही.

या सायकली आल्या कुठून यावर एकमत नाही. श्विन या अमेरिकी कंपनीची स्टिंग-रे सायकल १९६३ ची, आणि तिच्यावर पोरं मोटोक्रॉसची (मातीच्या वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतींची) नक्कल करायची इथपर्यंत सगळे मान्य करतात. पुढे काही जण कॅलिफोर्नियातल्या पाम्स पार्कमधल्या १९६९ च्या शर्यतींना पहिला मान देतात, काही स्कॉट ब्राइटहॉप्टने १९७० मध्ये तिथल्याच लाँग बीचला भरवलेल्या शर्यतीला, आणि नेदरलँड्समध्ये १९५० च्या दशकातच असं काही चालायचं असंही एक मत आहे. पार्टच्या बाजूने बघितलं तर कॅलिफोर्नियाचं पारडं जड वाटतं, कारण मंगूजचं मोटोमॅग चाक, रेडलाइनचे क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलचे) चिमटे म्हणजे पुढचं चाक धरणारे फोर्क, स्कायवेचं टफ व्हील हे सगळं तिथलंच.

पार्टचं साल ठरवायला शिमानो या जपानी कंपनीच्या पार्टवरचे शिक्के बरे पडतात. पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९७६), दुसरं महिन्याचं, म्हणजे 'एफसी' असेल तर मार्च १९८१. पण हे पार्ट बनल्याचं साल झालं, सायकल त्यानंतर काही महिन्यांनी जोडलेली असू शकते, त्यामुळे 'सुमारे' लिहिलेलंच बरं.

खोलताना सगळ्यात जास्त घोळ एकसंध क्रँकला (पायडलांचे दोन्ही दांडे आणि मधला आस एकाच तुकड्याचा) होतो. डाव्या बाजूचं पायडल, त्यामागचा लॉकनट आणि कोन (बेअरिंग दाबून धरणारा शंकू), तिघांचेही आटे उलटे, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसलं की माणूस पान्यावर जोर लावत बसतो आणि नटाच्या कडा गोल होतात. डावीकडचं सुटलं की क्रँक तिरका करून उजवीकडून ओढून घ्यायचा. स्टेमचंही (हँडल धरून चिमट्याच्या नळीत उतरणारा भाग) तसंच, जुन्या बीएमएक्सचा व्यास २१.१ मिमी आणि नेहमीचा २२.२, त्यामुळे दुसऱ्या सायकलचा ठोकून बसवायला जाऊ नये. अॅल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या चिमट्यात जाम झाला असेल तर घाई नको, बोल्ट थोडा सैल करून वरून लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचं, तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, परत ठोकायचं.

क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमच्या फॉइलने का जातो यावर बरीच चर्चा आहे. फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चिमट्यावर घासला की दोन मिनिटांत करडा-काळा चिखल बोटांना लागतो आणि खालून चकाकी वर येते. एक मत असं की अॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं, दुसरं असं की फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतं म्हणून क्रोमला ओरखडा न पाडता गंज नुसता खरवडला जातो. घासल्याशिवाय काही होत नाही, म्हणून दुसरं जास्त पटतं. क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, खरं संरक्षण खालच्या निकेलचं, त्यामुळे खड्डा निकेलच्याही खाली गेला असेल तर घासून उपयोग नाही, तिथे प्लेटिंगच लागतं.

नाशिकमध्ये सातपूर-अंबडला प्लेटिंग आणि पावडर कोटिंगची कामं होतात. देताना एकच सांगायचं, एक्सल, बोल्ट, ब्रेकची स्प्रिंग असले कडक स्टीलचे पार्ट त्यात टाकू नका, कारण अॅसिडमधून हायड्रोजन आत शिरला की ते ठिसूळ होऊन अचानक तुटतात. टाकायचेच असतील तर प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास भट्टीत ठेवावे लागतात. अॅल्युमिनियमवरचा रंगीत अॅनोडाइझचा थर काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, ते अॅल्युमिनियमही खातं, म्हणून मिनिटं मोजून आणि हातमोजे घालूनच. जुन्या नाशकातले तांबट पितळ उजळायला चिंच वापरायचे, पण तो उपाय स्टीलच्या गंजाला पुरत नाही, तिथे ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी लागतं. त्यातून काढलेला पार्ट भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवून तेल लावायचं, पावसाळ्यात तर अजिबात उशीर नको, एका रात्रीत परत तांबूस पडतो.

टफ व्हील नायलॉनचं असल्याने ते गरम पाण्यात कापडाच्या रंगाने रंगवता येतं, पण पिवळं पडलेलं पांढरं चाक परत पांढरं करणं सोपं नाही.