दोन प्रतलं, एक रेषा: बारावीचं गणित आणि फर्स्ट इयरचं ड्रॉइंग

लातूर-नांदेडकडं जेईईच्या बॅचमधल्या कुठल्याही पोराला विचारा, दोन प्रतलं (सपाट पृष्ठं) एकमेकांना छेदतात ती रेषा कशी काढायची, तर झोपेतनं उठून सांगेल: दोन्ही नॉर्मलचा (प्रतलाला काटकोनात असलेल्या सदिशांचा, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या बाणांचा) क्रॉस प्रॉडक्ट घ्या (दोन्हींना लंब असा तिसरा सदिश देणारा गुणाकार), दिशा मिळाली, मग झ (उंचीचा सहनिर्देशक) शून्य ठेवा, एक बिंदू मिळाला, झालं. तेच पोरगं पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जातंय, मिनी ड्राफ्टर (रेघा मारायचं अवजार) घेऊन एचपी-व्हीपीच्या (आडव्या आणि उभ्या प्रतलाच्या) शीटवर तासन्‌तास घासतंय, आणि त्याला कुणीच सांगत नाही की बाबा हे तेच चाललंय.

मुळात ती रेषा सरळच असते हे तरी कशावरून? युक्लिडनं हे इ.स.पू. ३०० च्या आसपास, 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या अकराव्या भागातल्या तिसऱ्या प्रमेयात सिद्ध केलं. छेद सरळ नाही असं समजा, मग त्याच दोन टोकांना जोडणारी एक सरळ रेषा या प्रतलात काढा आणि एक त्या प्रतलात, म्हणजे दोन सरळ रेषांच्या मधी जागा अडकली, जे होऊच शकत नाही. युक्लिडचं हे सगळं १८व्या शतकात सवाई जयसिंगाच्या दरबारातल्या पंडित सम्राट जगन्नाथानं अरबीवरून 'रेखागणित' म्हणून संस्कृतात आणलं. पण युक्लिडकडं समीकरण नव्हतं, त्यामुळं रेषा आहे एवढंच कळतं, कुठाय ते काढता येत नाही.

समीकरणं देकार्तनं १६३७ ला आणली, पण त्याचा सगळा जोर सपाट कागदावर, तिसरी मिती नुसती सांगून सोडली. ते काम क्लेरोनं १७३१ ला पुढं नेलं (तेव्हा हे पोरगं अठरा वर्षांचं, आपल्याकडं या वयात सीईटीचा फॉर्म भरायलेत) आणि ऑयलरनं १७४८ ला नीट मांडून दिलं.

खरी मजा मात्र मोंजची. गास्पार मोंज, जन्म १७४६, फ्रान्समधी मेझिएरच्या लष्करी शाळेत नकाशे काढायला होता. परंडा नाहीतर उदगीरचा भुईकोट बघितला असेल तर प्रश्न लगेच कळेल: शेजारच्या उंचवट्यावर शत्रूची तोफ आली तर किल्ल्याच्या आतलं तिला दिसू नये, त्यासाठी भिंत कुठं किती उंच बांधायची? हे आकडेमोडीनं करायला लई वेळ जायचा. मोंजनं ते पट्टी-कंपासनं कागदावर सोडवलं, आणि सांगतात की इतक्या लवकर झालं म्हणून साहेबानं आधी बघायलाच नकार दिला. मग पटल्यावर ही रीत कित्येक वर्षं लष्करी गुपित! १७९५ ला पॅरिसमधी त्यानं उघड लेक्चर दिले, तेव्हा कुठं बाहेर आली.

रीत अशी, की एक आडवं प्रतल घ्या आणि एक उभं, तेच आपले एचपी आणि व्हीपी. दिलेलं प्रतल या दोन्हींना ज्या रेषांत कापतं ते त्याचे ट्रेस. दोन प्रतलांचे आडवे ट्रेस जिथं भेटतात तो छेदरेषेवरचा एक बिंदू, उभे भेटतात तो दुसरा, जोडा.

आता समीकरणं घेऊन बघा. क्ष + य + झ = ६ आणि क्ष − य + २झ = ४. झ शून्य ठेवलं की (५, १, ०). पण झ शून्य म्हणजेच एचपी, म्हणजे क्लासमधी ट्रिक म्हणून शिकवतात ती मोंजची आडव्या ट्रेसची भेट! य शून्य ठेवा, म्हणजे व्हीपी, (८, ०, −२) येतं. दोघांतला फरक (३, −१, −२). आणि नॉर्मल (१, १, १) आणि (१, −१, २) यांचा क्रॉस प्रॉडक्ट? तोच, (३, −१, −२).

हा क्रॉस प्रॉडक्ट बराच उशिरा आला. लाग्रांजच्या १७७३ च्या त्रिकोणी पिरॅमिडवरच्या कामात असले गुणाकार-वजाबाकीचे गट दिसतात, पण त्याला नाव नाही की चिन्ह नाही. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमधी हॅमिल्टनला क्वाटर्निऑन (चार भागांच्या संख्या) सुचले, त्यांच्या गुणाकारात एक नुसता आकडा आणि एक सदिश असे दोन तुकडे एकत्रच निघायचे. येलच्या गिब्जनं ते वेगळे केले, आकडा देणारा डॉट, सदिश देणारा क्रॉस, आणि १८८१ आणि १८८४ ला विद्यार्थ्यांसाठी नोट्स छापल्या, म्हणजे बघा, नोट्सचा धंदा जुनाच. तिकडं इंग्लंडात हेविसाइडनंही स्वतंत्रपणे तेच केलं, दोघांनाही विजेच्या आणि चुंबकाच्या गणितासाठी सुटसुटीत भाषा पाहिजे होती, भूमितीसाठी नाही. गिब्जचा विद्यार्थी विल्सन, त्यानं १९०१ ला गिब्जच्या लेक्चरांवरून पुस्तक केलं आणि तिथनं ते सगळीकडच्या सिलॅबसमधी गेलं.

पोरं अडकतात ती एकाच जागी, छेदरेषा एचपीला समांतर असली की. मग झ शून्य ठेवून उत्तरच निघत नाही, आणि शीटवर आडवे ट्रेस एकमेकांना समांतर पळतात, भेटतच नाहीत. पण तेवढ्यानं दिशा कळली ना, ट्रेसचीच दिशा ती रेषेची! आता बिंदू उभ्या ट्रेसवरनं घ्या, म्हणजे य शून्य ठेवा. उभे पण समांतर निघाले, तर तिसरं, प्रोफाइल प्रतल (एचपी आणि व्हीपी दोन्हींना काटकोनात असलेलं), म्हणजे क्ष शून्य. तिन्हीकडं समांतर आले तर क्रॉस प्रॉडक्टच शून्य असतो, म्हणजे प्रतलंच समांतर आहेत, नाहीतर दोन्ही एकच.