खिळ्याआड दडलेली चांदी

इंग्लंडमधले नाणीशोधे एखाद्या शेताबद्दल ‘तिथं आता काही उरलं नाही’ म्हणतात, तेव्हा फक्त सोपी नाणी संपलेली असतात. उरलेल्यांतली बरीचशी लोखंडी खिळ्यांच्या शेजारी पडलेली असतात.

मेटल डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या चकतीतून, काही किलोहर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. त्यानं धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि त्यांचं क्षीण क्षेत्र कॉइल टिपते. चांदीचा आणि लोखंडाचा प्रतिसाद वेगवेगळ्या वेळेनं मागे पडतो, त्यावरून यंत्र दोन्ही ओळखतं आणि वेगवेगळा आवाज काढतं. पण दोन्ही एकदम कॉइलखाली आले, तर यंत्राचा गोंधळ होतो. त्यात लोखंडाचा आवाज बंद केलेला असेल, तर खिळ्यावरून सावरायला यंत्राला लागणाऱ्या क्षणभरात नाणंही गडप होतं.

म्हणून खिळ्यांनी भरलेल्या शेतात २८ सेंटिमीटरची कॉइल उतरवून १५ची लावावी. खोली कमी मिळते, पण खिळा आणि नाणं वेगळे ऐकू येतात. लोखंडाचा आवाज पूर्ण न मारता हलकी घरघर राहू द्यावी. कॉइल जमिनीलगत, संथ फिरवावी आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी. दोऱ्या बांधून पट्टे पाडले, तर काही सुटत नाही. मग तेच पट्टे काटकोनात.

खिळ्याचं टोक कधी कधी चांदीसारखं खणखणतं. नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवलं, की तो आवाज बहुधा विरतो किंवा बाजूला सरकतो. मात्र खिळ्याला चिकटलेलं नाणंही एकाच दिशेनं बोलतं. आवाज हलत नसेल, तर खणावंच.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची १२७९ नंतरची चांदीची पेनी जेमतेम १.४ ग्रॅम भरते. त्याआधी सुट्ट्या पैशांसाठी पेनीच कापून अर्ध्या-पाव करत. असा पाव तुकडा जड नाण्यासाठी लावलेल्या कमी वारंवारतेला दाद देत नाही. १५ ते २० किलोहर्ट्झ वापरून पाहावं.

खोलीचं गणित निष्ठुर आहे. नाणं कॉइलच्या आकाराच्या मानानं खोल असेल, तर खोली दुप्पट होताच सिग्नल साधारण चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. नांगर नाणं वर आणतो, उभं असेल तर आडवंही करतो. त्यामुळे तेच शेत दरवर्षी थोडं नवं असतं. पण ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल उंचच राहते. रूळ फिरल्यानंतर जावं.

इंग्लंडमध्ये शेतमालकाची लेखी परवानगी हवी, आणि संरक्षित स्मारकावर तर सरकारी संमतीशिवाय यंत्र वापरणंच गुन्हा आहे. तीनशे वर्षांहून जुनी, किमान १० टक्के चांदीची दोन नाणी एकत्र सापडली, तर १४ दिवसांत कळवावं लागतं. (आपल्याकडे १८७८चा गुप्तधनाचा कायदा आहे. त्यात दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो!) नांगरटीच्या थराखाली मडक्याची कड दिसली, तर खणणं तिथंच थांबवावं. नाणं अंगठ्यानं चोळू नये. मातीतली वाळू चांदीवर कायमचे ओरखडे काढते.