निवृत्त रस्त्यांचा युरोप: सायकलस्वारांचे घाट आले कुठून?

रोडबाइक घेऊन युरोपात सुटीला जाणाऱ्यांच्या यादीत काही नावं हमखास असतात. इटलीतला स्टेल्व्हिओ, फ्रान्समधले गालिबिए आणि टूर्माले, इटलीतल्याच दोलोमिती डोंगरांतल्या खिंडी, स्पेनच्या मायोर्का बेटावरचा सा कालोब्रा. सहल कंपन्यांची पत्रकं वाचली तर वाटावं, हे घाट सायकलवाल्यांसाठीच बांधले गेले. खरं तर यातला एकही सायकलसाठी बांधलेला नाही. कुठला बादशहाने फौज हलवायला बांधला, कुठला औषधी झऱ्यांवर येणाऱ्या श्रीमंतांच्या बग्ग्यांसाठी, कुठला मोटारीतून येणाऱ्या हौशी पाहुण्यांसाठी. ज्या कामासाठी रस्ता झाला ते काम पुढे सरलं किंवा दुसरीकडून व्हायला लागलं, आणि मोकळ्या पडलेल्या रस्त्याचा ताबा सायकलवाल्यांनी घेतला. युरोपातलं सायकल-पर्यटन अशा निवृत्त रस्त्यांवर उभं आहे, असं माझं मत आहे.

स्टेल्व्हिओ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर मिलानसह सगळा लोंबार्दी प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आला. व्हिएन्नाहून तिथे फौज आणि टपाल पोचवायला थेट वाट हवी होती, आणि मध्ये आल्प्स आडवे. सम्राट फ्रान्झ पहिला याच्या हुकमावरून कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात २,७५० मीटरांहून उंच खिंडीतून रस्ता काढला. उत्तरेकडच्या प्रातो गावातून निघालं की साधारण २४ किलोमीटरमध्ये १,८०० मीटर उंची चढावी लागते आणि त्यासाठी ४८ वळणं घ्यावी लागतात. डायनामाइटचा शोध लागायच्या आधीचं हे काम आहे, हे लक्षात ठेवून ते पाहावं.

एवढा खटाटोप केलेला रस्ता साम्राज्याच्या कामी आला जेमतेम तीन तपं. १८५९ च्या युद्धात ऑस्ट्रियाने लोंबार्दी गमावली आणि स्टेल्व्हिओची खिंड दोन देशांमधली सीमा होऊन बसली. पहिल्या महायुद्धात तिथे बर्फात मोर्चे लागले. युद्धानंतर खिंडीच्या दोन्ही बाजू इटलीकडे आल्या, तेव्हा सीमाही उरली नाही आणि लष्करी महत्त्वही उरलं नाही. मग १९५३ साली जिरो द'इतालिया ही शर्यत पहिल्यांदा या घाटावर आली. फाउस्तो कोप्पीने इथेच ह्युगो कोब्लेटला मागे टाकून ती जिंकली, आणि दोनेगानीच्या रस्त्याला नवा धंदा मिळाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्यासारख्या साध्या सायकलस्वाराला स्टेल्व्हिओ का झेपतो, याचं उत्तर दोनेगानीच्या आखणीत आहे. टपालगाडी आणि तोफा ओढायच्या त्या घोड्यांनी. चढ फार तीव्र झाला की घोडा दमतो, उतारावर गाडी आवरत नाही. म्हणून जुन्या अभियंत्यांनी वळणावर वळण घालून रस्ता लांबवला, पण चढ आवाक्यात ठेवला. स्टेल्व्हिओची सरासरी निघते सुमारे साडेसात टक्के. लांबलचक, कंटाळवाणी, पण एका लयीत चढता येणारी. याच परिसरातला मोर्तिरोलो पाहा. माझ्झो गावाकडून बारा-साडेबारा किलोमीटर, सरासरी दहा टक्क्यांच्या वर. ही मुळात डोंगरातल्या कुरणांकडे जाणारी वाट. तिथून तोफा न्यायचा कुणाचाच विचार नव्हता. जिरो तिथे पोचली ती थेट १९९० मध्ये, लोकांना तमाशा हवा होता म्हणून. फ्रिउलीतला झोंकोलान त्याहूनही वाईट. सुटीचं ठिकाण निवडणाऱ्याने चढाच्या उंचीआधी रस्ता कुणी आणि कशासाठी बांधला ते विचारावं. फौजेचा किंवा टपालाचा असेल तर बिनधास्त जावं. गुराख्यांचा असेल तर गिअर तपासून घ्यावेत.

फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांची गोष्ट वेगळी आहे. तिथे फौजेच्या जागी आजारी, किंवा आजारी असल्याचं मानणारे श्रीमंत लोक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ओ-बॉन, बारेज, बान्येर-द-बिगोर या गावांतल्या औषधी झऱ्यांवर पॅरिसमधलं बडं प्रस्थ लोटत असे. सम्राज्ञी युजेनी हिलाही ओ-बॉनची ओढ होती. ही गावं वेगवेगळ्या खोऱ्यांत. एकातून दुसरीकडे जायचं तर खाली मैदानात उतरून पुन्हा चढायचं. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ओबिस्क, सुलोर, टूर्माले या खिंडींवरून त्यांना जोडणारा रस्ता काढला गेला. त्याचं नावच 'झऱ्यांचा रस्ता' असं पडलं. झऱ्यांची फॅशन ओसरली. रेल्वे खोऱ्याच्या तोंडापर्यंत आली आणि वरच्या वाटेवर मेंढ्या तेवढ्या उरल्या.

या मेंढरांच्या वाटेवर १९१० साली टूर द फ्रान्स आली ती एका वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. टूर सुरू केली होती 'लोतो' या क्रीडा दैनिकाने, १९०३ मध्ये. तिथल्या आल्फाँस स्टेनेस या बातमीदाराने पिरेनीजचा हट्ट धरला आणि रस्ता पाहायला तो स्वतः गेला. त्याची मोटार टूर्मालेवर बर्फात अडकली. तो अंधारात पायी निघाला, कसाबसा बारेजला पोचला आणि तिथून संपादक आंरी देग्रांजला तार केली, की रस्ता उत्तम आहे, जायला काहीच अडचण नाही. वृत्तपत्रीय थापांच्या इतिहासात या तारेला मानाचं पान द्यायला हवं. त्या वर्षी लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा पेरसुर्द, आस्पाँ, टूर्माले आणि ओबिस्क यांवरून गेला. पुढे टूर जिंकलेल्या ऑक्ताव्ह लापीझने ओबिस्कवर आयोजकांना 'खुनी' म्हणून शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी आल्प्समधला गालिबिए आला. तिथे सगळ्यात आधी माथ्यावर पोचला एमिल जॉर्जे. त्या काळी सायकली बोगद्यातून जात, २,५५६ मीटर उंचीवर. आजचा माथ्यावरून जाणारा रस्ता हा १९७६ मध्ये बोगदा दुरुस्तीसाठी बंद करावा लागला त्याचा परिणाम. दुरुस्ती रखडली आणि सायकलवाल्यांना सुमारे ९० मीटरची जादा चढण मिळाली.

वर्तमानपत्रांनी आखलेल्या अशा परीक्षांचा एक धागा आपल्याकडेही येतो. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, हे जवळपास १,२०० किलोमीटरचं अंतर पहिल्यांदा १८९१ मध्ये 'ल पती झुर्नाल' या दैनिकाने शर्यत म्हणून ठेवलं. शार्ल तेराँ एकाहत्तर तासांच्या वर सायकल चालवून पहिला आला. आज पुण्या-मुंबईत, नागपुरात बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या सायकल-फेऱ्या) करणारे लोक पहाटे २०० किंवा ३०० किलोमीटरसाठी निघतात आणि कार्डावर शिक्के घेतात, ती पद्धत पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालते. चार वर्षांनी एकदा येणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाणाऱ्यांत मराठी नावं असतात, ती याच वाटेने.

पण शर्यतीत धावणारे आणि सुटीला जाणारे हे दोन निराळे पंथ होते, आणि सुटीवाल्यांचा पंथ जुना आहे. ब्रिटनमधला सायकल पर्यटकांचा क्लब १८७८ चा. तेव्हा पुढचं चाक पुरुषभर उंच असे आणि डोंगर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. घाटमाथ्यावर 'पुढे धोका आहे' अशा पाट्या या क्लबने स्वतः लावल्या. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, आणि मध्यमवर्ग डोंगरात शिरला. एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल ही लंडनला राहणारी अमेरिकन बाई १८९० च्या दशकात झगा सावरत आल्प्सच्या खिंडी ओलांडून गेली होती. फ्रान्सचा टूरिंग क्लब १८९० मध्ये सायकलवाल्यांनी काढला, इटलीचा १८९४ मध्ये मिलानमध्ये सायकलवाल्यांनीच काढला. दोन्ही क्लब थोड्याच वर्षांत मोटारवाल्यांचे झाले. नकाशे छापणं, पाट्या लावणं, सरकारकडे रस्त्यासाठी तगादा लावणं ही कामं तीच, फक्त फायदा दुसऱ्याला.

फ्रेंच क्लबने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच जिनिव्हाच्या सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत आल्प्समधून मोटार रस्त्याची कल्पना मांडली. तिच्यातला शेवटचा मोठा दुवा म्हणजे इझराँची खिंड, २,७६० मीटरांहून उंच. राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्राँ यांनी तिचं उद्घाटन केलं जुलै १९३७ मध्ये. योगायोग असा, की त्याच महिन्यात टूर द फ्रान्सच्या स्पर्धकांना पहिल्यांदा साखळी सरकवणारे गिअर वापरायची परवानगी मिळाली. साधे पर्यटक असे गिअर कितीतरी आधीपासून वापरत होते. सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही त्यांचा प्रचार जन्मभर करत राहिला. देग्रांजला मात्र ती पळवाट वाटायची. गिअरच्या बाबतीत सुटीवाले शर्यतवाल्यांच्या पुढे होते, हे आजच्या महागड्या दुकानांतल्या विक्रेत्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

दोलोमितीतही पुढाकार पर्यटनाचाच. बोल्झानो ते कोर्तिना हा मोठा रस्ता १९०९ मध्ये पुरा झाला, तो तेओडोर क्रिस्तोमानोस या पर्यटनवेड्या वकिलाच्या पाठपुराव्यामुळे. सहाच वर्षांत ऑस्ट्रिया आणि इटलीचं सैन्य त्याच डोंगरांत समोरासमोर उभं राहिलं. आज सेल्ला पर्वताभोवतीच्या चार खिंडी एका दिवसात फिरून येणं हा तिथला आवडता बेत असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवाळी स्कीइंगची गावं वाढली. डिसेंबर ते एप्रिल गर्दी, आणि उन्हाळ्यात हॉटेलं ओस. आल्प द्युएझच्या हॉटेलवाल्यांनी १९५२ मध्ये टूरला गावात आणलं. डोंगरमाथ्यावर संपणारा टूरचा तो पहिला टप्पा, आणि जिंकला पुन्हा कोप्पीच. पण जुळलं ते १९७६ नंतर, टप्पा वरचेवर येऊ लागल्यावर. इथल्या पहिल्या चौदा टप्प्यांपैकी आठ डच स्पर्धकांनी जिंकले आणि सपाट देशातले हजारो लोक या २१ वळणांवर तंबू ठोकायला येऊ लागले. मला स्वतःला हा घाट विशेष वाटत नाही. चढ ओबडधोबड, वाहतूक भरपूर, आणि वर पोचल्यावर काँक्रीटच्या इमारती. त्याची कीर्ती दूरचित्रवाणीने घडवली.

रस्ता मोकळा कसा होतो, हे पाहायचं तर स्वित्झर्लंडच्या गॉटहार्डला जावं. दक्षिण उतारावरची ट्रेमोला ही वाट १८२७ ते १८३२ मध्ये बांधलेली, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांची, २४ वळणांची. आधी रेल्वेचा बोगदा झाला, मग खिंडीवर नवा रुंद रस्ता झाला, आणि १९८० मध्ये सुमारे १७ किलोमीटरचा मोटारींचा बोगदा. प्रत्येक वेळी थोडी वाहतूक खाली गेली आणि ट्रेमोला सायकलींना राहिली. याच्या उलट सिम्प्लॉन. नेपोलियनने १८०१ ते १८०५ मध्ये तोफांसाठी बांधलेला हा रस्ता अजून निवृत्त झालेला नाही. तिथे बोगदा रेल्वेचा आहे, मोटारींचा नाही; म्हणून मालट्रक आजही खिंडीवरूनच जातात. देखावा अप्रतिम, पण सायकलवर मजा नाही.

मायोर्का या सगळ्यात उशिरा आलं. सा कालोब्राचा रस्ता १९३२ चा, आखणी अंतोनिओ पारिएत्ती यांची. समुद्रकाठच्या त्या छोट्या खाडीशी जायला दुसरा रस्ता नाही. पर्यटकांना खाली नेऊन परत आणणं हेच त्याचं काम. एके ठिकाणी रस्ता स्वतःवरूनच पूल टाकून वळतो, टायच्या गाठीसारखा. बेटाला सायकलची परंपराही होती: फेलानिच गावचा गियेम तिमोनेर मोटारसायकलमागे धावण्याच्या शर्यतीत सहा वेळा जगज्जेता झाला होता. पण बेटाचा धंदा होता उन्हाळी किनाऱ्याचा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हॉटेलं बंद असत. त्याच प्रकारच्या शर्यतीत १९८७ चा जगज्जेता असलेल्या मॅक्स ह्यूर्झेलर या स्विस माणसाने ऐंशीच्या दशकात तिथे वसंतातल्या सायकल सहली सुरू केल्या. थंडीने गारठलेल्या जर्मन, स्विस आणि ब्रिटिश लोकांना ऊन मिळालं, हॉटेलांना दोन-तीन महिने आधीच गिऱ्हाईक मिळालं. आता तिथल्या हॉटेलांत सायकली ठेवायला कुलूपबंद खोल्या आणि दुरुस्तीचं टेबल असतं.

या उलट्या हंगामाचा आपल्याकडून जाणाऱ्यांनी विचार करावा. एप्रिल-मेच्या शाळेच्या सुटीत स्टेल्व्हिओ, गालिबिए, इझराँ बहुधा बर्फाखाली असतात. स्टेल्व्हिओ साधारण मेअखेर उघडतो, इझराँला जूनही उजाडतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फाटक पुन्हा पडतं. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर मोटारसायकलींची रांग मागे लागते. त्यावर उपाय म्हणून स्टेल्व्हिओ आणि सेल्लाभोवतीच्या खिंडी वर्षातले मोजके दिवस इंजिनांना बंद ठेवल्या जातात. तारखा आधी जाहीर होतात. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी त्या बघून घ्याव्यात.