लांबीला न जुमानणारी तार

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जळालेल्या पंपाच्या मोटारी नाशकात रिवाइंडिंगला येतात. कारागीर जुनी वाइंडिंग काढतो, त्याच गेजची तांब्याची तार भरतो आणि मल्टिमीटर लावून तिन्ही फेजचा रोध सारखा येतोय ना, ते बघतो. एका फेजमध्ये वेढे कमी पडले की तार आखूड, म्हणून रोध कमी. तारेची लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, हे शाळेतलं गणित तिथे रोज खरं ठरतं.

तार पुरेशी बारीक आणि आखूड केली की ते मोडतं. १९८८ साली नेदरलँड्समधल्या आणि केंब्रिजमधल्या दोन गटांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात हे दाखवलं. त्यांची तार ओढून काढलेली नव्हती. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्या वर धातूचे दोन गेट, मधे फट. गेटना ऋण व्होल्टेज दिलं की त्यांच्या खालचे इलेक्ट्रॉन हटतात आणि फटीखाली अरुंद वाट उरते. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अंशभर.

व्होल्टेज वाढवत वाट आवळत नेली, तर वाहकता (रोधाचा व्यस्त) सलग उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो आणि वाटेच्या रुंदीत त्या तरंगाच्या ठरावीक मांडण्याच बसतात. एक मांडणी बाद झाली की एक पायरी खाली. प्रत्येक पायरीची उंची एकच: इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक, गुणिले दोन. शेवटच्या पायरीवर रोध भरतो सुमारे १२,९०६ ओहम. इलेक्ट्रॉन वाटेत कुठेच धडकत नाही, त्यामुळे या आकड्यात ना लांबी येते, ना पदार्थ. येतात फक्त निसर्गाचे दोन स्थिरांक. मला हे आजही विलक्षण वाटतं.

आणि तो 'गुणिले दोन' स्पिनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकी गुणाचा. इलेक्ट्रॉनचा स्पिन दोनच प्रकारे असू शकतो आणि एरवी दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन एकाच मांडणीतून जोडीने जातात. तगडं चुंबकीय क्षेत्र लावलं की दोघांच्या ऊर्जा वेगळ्या होतात, प्रत्येक पायरी मधोमध दुभंगते. सर्वांत खालच्या अर्ध्या पायरीवर रोध साधारण २५,८१३ ओहम असतो, आणि तिथून जाणारे सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असतात. तार स्पिनची चाळणी होते.

खरी गंमत १९९६ साली केंब्रिजमध्ये पुढे आली. चुंबक नसतानाही पहिल्या पायरीच्या ०.७ पट उंचीवर आलेखात एक खांदा, म्हणजे एक जादा, अपुरी पायरी दिसते. तापमान थोडं वाढवलं तर बाकीच्या पायऱ्या पुसट होतात, हा खांदा मात्र ठळक होतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की तो ०.५ कडे सरकतो, म्हणजे स्पिनशी त्याचं नातं नक्की आहे. वाटेच्या सर्वांत अरुंद जागी इलेक्ट्रॉन मंदावतात आणि एकमेकांना जास्त जाणवतात, इथवर बहुतेकांचं एकमत. पण त्यांचे स्पिन तिथे आपोआप एका दिशेला वळतात का, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

या वादाला व्यवहारी बाजूही आहे. चिपवर प्रत्येक तारेशेजारी मोठा चुंबक बसवता येत नाही, स्पिन नुसत्या व्होल्टेजने हाताळता यायला हवा. १९९० मध्ये सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी असाच ट्रान्झिस्टर सुचवला होता: गेटवरच्या व्होल्टेजने वाटेतल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन फिरवायचा आणि पलीकडच्या चुंबकीय टोकाशी त्याची दिशा जुळली, तरच प्रवाह जाऊ द्यायचा. अडचण अशी, की चुंबकीय धातूतून अर्धवाहकात शिरतानाच स्पिनची शिस्त बरीचशी बिघडते.