सांता क्लारा देल कोब्रे : घणांच्या तालामागे

मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात सांता क्लारा देल कोब्रे हे तांबटांचे गाव आहे. परदेशी चित्रकार-शिल्पकार तिथे मुद्दाम जातात आणि बहुधा एकाच दृश्यापाशी थबकतात. भट्टीत वितळवून ओतलेली तांब्याची जाड चकती, जिला तिथे ‘तेहो’ म्हणतात, ती लालबुंद असतानाच मुख्य कारागीर लांब सांडशीने ऐरणीवर धरतो आणि भोवती उभे असलेले चार-सहा गडी पाळीपाळीने तिच्यावर घण घालतात; दोन घण एकमेकांवर आदळत नाहीत, कारण प्रत्येकाला आपली मात्रा ठाऊक असते. घाव खाऊन तांबे ताठरले की ते पुन्हा आगीत जाते. अशा अनेक फेऱ्यांनंतर, कुठेही सांधा न देता, त्या एका चकतीतूनच भांडे वर येते.

हे सारे अनादि काळापासून असेच चालत आले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यात निरनिराळ्या काळांचे थर आहेत. पश्चिम मेक्सिकोत धातुविद्या इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास आली आणि ती दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे आली, असे अभ्यासक मानतात. पुढे याच भागात राज्य करणाऱ्या पुरेपेचांनी तांब्याच्या कुऱ्हाडी, सुया व चिमटे घडवले, आणि मेणाचा साचा करून घंटा ओतल्या. या घंटांच्या तांब्यात ते कथील किंवा आर्सेनिक इतक्या प्रमाणात मिसळत, की धातूला सोन्याचांदीची झाक येई. केवळ मजबुतीसाठी एवढ्या मिश्रणाची गरज नव्हती. रंग आणि नाद यांसाठी धातूशी खेळणारी ही माणसे होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

स्पॅनिश लोक 1522 मध्ये इथे पोहोचले. 1538 मध्ये मिचोआकानचे बिशप झालेल्या वास्को दे किरोगा यांनी गावोगावी वेगवेगळे हुन्नर रुजवले, अशी परंपरा सांगितली जाते, आणि सांता क्लाराचे तांबटही त्यांचेच नाव घेतात. मोठ्या कढया हा या वसाहतकाळाचा वारसा होय. ‘कार्नितास’ हा डुकराच्या मांसाचा पदार्थ या प्रांतात आजही तांब्याच्या कढईतच शिजवतात.

शोभेच्या, कलाकृती म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यांचा थर मात्र अलीकडचा आहे. अमेरिकी शिल्पकार जेम्स मेटकाफ आणि मेक्सिकन कलावती आना पेयिसेर हे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे येऊन राहिले व पुढच्या दशकात त्यांनी कारागिरांसाठी शाळा काढली. म्हणजे आजचा प्रवासी कलावंत जे ‘पारंपरिक’ म्हणून वहीत रेखाटतो, त्यातले काही त्याच्यासारख्याच एका पाहुण्याच्या सहवासात घडले आहे. तांबेही आता सहसा भंगारातले असते. विजेच्या जुन्या तारा मुशीत वितळतात आणि त्यांचाच तेहो होऊन ऐरणीवर येतो.