'मशीन चालू शे ना?'

खान्देशात मान धरली की पहिली आठवण शेकाची. खडेमीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सोसेल तसं मानेवरून फिरवायचं. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या फिजिओथेरपी दवाखान्यांत अल्ट्रासाउंडचं यंत्र आलं, तेव्हा लोकांनी त्यालाही 'मशीनचा शेक'च म्हटलं. केळीचे घड वाहणारा मजूर असो की वाकून कापूस वेचणारी बाई, मानेवर थंडगार जेल पडलं की दचकून विचारणारच, "मशीन चालू शे ना? गरम तर काहीच लागत नाही."

शंका रास्त आहे, कारण हे यंत्र मुळात शेकासाठी जन्मलंच नव्हतं. 1880 मध्ये पॅरिसात झाक आणि पिएर या क्युरी बंधूंना दिसलं, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की तोच स्फटिक थरथरतो, हेही त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला पॉल लांजव्हँ यांनी ही थरथर समुद्रात सोडली. झोताच्या वाटेतले मासे मेले, पाण्यात हात घातला तर वेदना झाल्या. कानाला ऐकूही न येणारा आवाज जिवंत शरीराला काहीतरी करतो, ही पहिली वर्दी माशांनी दिली म्हणायची! 1927 मध्ये अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनी हे परिणाम प्रयोगशाळेत रीतसर तपासले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत राइमार पोलमन यांनी ते उपचाराकडे वळवले. युद्धानंतर युरोप-अमेरिकेत ही यंत्रं पसरली. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षणच 1953 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, त्यामुळे खान्देशापर्यंत यायला यंत्राला आणखी वेळ लागला.

आपल्या कानाची मजल सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत. मानेवर फिरणारं हेड 10 लाख किंवा 30 लाख कंपनं सोडतं. पहिली खोल जातात, दुसरी वरवरच्या थरात जिरतात. मधे हवा राहिली तर लहरी आत शिरतच नाहीत, म्हणून ते जेल. हेड एका जागी थांबवलं तर हाडाजवळ चटका बसतो, म्हणून ते सतत गोल फिरवायचं. चालू हेडवर पाण्याचे थेंब टाकले की ते उकळल्यासारखे थरथरतात; शंकेखोर पेशंटला एवढं दाखवलं तरी तो गप्प बसतो.

थेंब थरथरले म्हणजे मान मोकळी होईलच असं मात्र नाही. 2001 मध्ये रॉबर्टसन आणि बेकर यांनी वेगवेगळ्या दुखण्यांवरच्या 35 चाचण्या चाळल्या. पद्धत धड असलेल्या 10 निघाल्या आणि त्यांतल्या फक्त 2 मध्ये खरं अल्ट्रासाउंड खोट्यापेक्षा सरस ठरलं. माझ्या मते म्हणूनच दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी मानेचे व्यायाम शिकवा म्हणावं. आखडलेल्या मानेसाठी त्यांना पुराव्याचा अधिक आधार आहे, आणि ते घरी फुकटात होतात.

अशा चाचण्यांत खोटा उपचार देणं अवघड नसतं. तेच जेल, तेच गोल फिरणारं हेड, फक्त आतली वीज बंद. पेशंटला फरक कळत नाही, कारण चालू यंत्रातही फारसं काही जाणवत नाहीच. केळीवाल्या मजुराचा प्रश्न तिथेही विचारला जात असणार. उत्तर तेवढं कुणी देत नसेल.